एवढ्याशाने काय होतंय?

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल गी नावाचे डॉक्टर होते. खाल्लेलं अंगी न लागणाऱ्या, पोट फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या मुलांबद्दलचं त्यांचं एक व्याख्यान 1888 साली छापून आलं. हा आजार, म्हणजे आजचा सिलिअ‍ॅक डिसीज, बरा होणारच असेल तर तो खाण्यापिण्यातूनच होईल, असं त्यांनी त्यात ठामपणे सांगितलं. नेमकं काय वर्ज्य करायचं, हे मात्र त्यांना सापडलेलं नव्हतं. पाव चालेल, फक्त पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजा, असंही ते सांगून गेले. त्याच व्याख्यानात एका मुलाची हकिकत आहे. त्याला रोज लिटरभराहून मोठं माप भरून डच मसल्स, म्हणजे एका जातीचे शिंपले, खाऊ घालत. मूल झपाट्याने सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला तसं पुन्हा खंगलं. पुढच्या वर्षी हंगाम आला, पण ते मूल शिंपल्यांना तोंड लावायलाच तयार होईना.

मला त्या पोराची बाजू कळते. बरं वाटत असलं म्हणून काय झालं, रोज शिंपले! आता मागे वळून पाहिलं तर त्या शिंपल्यांत औषध असं काही नसावं. पोट त्यांनीच भरल्यावर पावाला जागा उरत नसेल, एवढीच त्यांची करामत. पण हे ओळखायला आणखी पन्नास-साठ वर्षं आणि एक महायुद्ध लागलं.

मधल्या काळात न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी 1924 मध्ये केळ्यांचा आहार मांडला. पाव, बिस्किटं, बटाटे, धान्यं बंद. केळी मात्र हवी तितकी. मुलं खरोखरच बरी होत. हास यांचं म्हणणं असं की दोष पिष्टाचा आहे, आणि आतडं एकदा सुधारलं की मूल कायमचं बरं. मग त्याला चारचौघांसारखं जेवू द्या. आयांनी आनंदाने पाव सुरू केला. पुष्कळांना लगेच काही झालंही नाही. त्यांतली काही मुलं मोठी होऊन, रक्त कमी आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून पुन्हा डॉक्टरांच्या दारात उभी राहिली, तेव्हा कळलं की आजार कुठे गेलाच नव्हता.

उलगडा झाला तो हॉलंडमध्ये. हेगच्या मुलांच्या रुग्णालयातल्या विलेम डिक यांचा गव्हावर संशय आधीपासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाची रसद तोडली. लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले, हजारो माणसं भुकेने गेली. आणि त्याच उपासमारीत ही आजारी मुलं सुधारली, कारण शहरात पावच नव्हता. युद्ध संपता संपता पाव परत आला, तशी मुलं परत आजारी पडली. डिक यांचा प्रबंध 1950 मध्ये आला. म्हणजे हा आजार माणसाला समजला तोच मुळी पथ्य मोडल्यामुळे.

आमच्या मुलीला हा आजार असल्याचं ती सातवीत असताना कळलं. तिचं पोट कधीच दुखत नव्हतं. उंची मात्र अडली होती, आणि लोहाची सिरपं ओतूनही हिमोग्लोबिन वर सरकत नव्हतं. पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी सांगितली, ती वाढलेली आली. मग दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आतड्याच्या अस्तरावर सूक्ष्म अंकुर असतात, अन्नरस त्यांतून शोषला जातो. तिचे ते अंकुर झिजून जवळजवळ सपाट झाले होते. सिलिअ‍ॅक डिसीज. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. जगात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार असतो; भारतात गहू खाणाऱ्या उत्तरेकडे जास्त, दक्षिणेकडे कमी. औषध नाही, फक्त पथ्य, तेही जन्मभर. सुरुवातीला काही दिवस दूधही बंद झालं, कारण दुधातली साखर पचवणारं विकर त्याच अंकुरांच्या टोकाशी असतं. अंकुर उगवले की दूध परत मिळतं, गहू मिळत नाही.

घरी आल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं, "म्हणजे अगदी थोडंसुद्धा नाही?"

थोडं म्हणजे किती, याचाही अभ्यास झाला आहे. इटलीच्या कार्लो कतास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं की रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर अंकुरांवर परिणाम दिसू लागतो. घरच्या एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा चाळिसावा-पन्नासावा तुकडा. तेवढी कणीक आमच्या पोळपाटाच्या कडेला रोज चिकटलेली असायची. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं असेल तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत, असा नियम आपल्याकडेही आहे. हे आकडे मी त्या वेळी एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले होते. सासूबाई म्हणाल्या, "घर आहे की प्रयोगशाळा?" पण पोळपाट त्यांनीच वेगळा काढला.

माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे भाकरी थापायला मला कुणी शिकवायला नको होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. महाराष्ट्राच्या खेडोपाडीची रोजची जेवणं मुळात गव्हावर उभी नव्हतीच. माझ्या आजीकडे पोळी सणावारी व्हायची. उपासाचा दिवस तर आमच्या मुलीची मेजवानी असते. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं तिला चालतं, त्यामुळे आषाढी एकादशीला अख्खं घर तिच्या पथ्यावर असतं. अडचण आली ती गिरणीत. गिरणीवाला कुणाचा तरी गहू दळून झाला की त्यातच आपली ज्वारी ओततो, आणि आपल्या डब्यात आधी पडतं ते दुसऱ्याच्या गव्हाचं पीठ. शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गहू दळायचा नाही, बाकीच्यांची कणीक बाहेरून दळून आणायची.

मग एकेक डबा उघडून पाहिला. बांधानी हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे रोजची फोडणीच गेली. थालीपिठाच्या भाजणीत गहू, कुरडयांत गव्हाचा चीक, सातूच्या पिठात गहू नाहीतर जव. आणि मेतकूट! ज्या मेतकूट-भातावर महाराष्ट्रातली आजारी मुलं उठून बसतात, त्या मेतकुटात डाळींबरोबर मूठभर गहू भाजून घातलेला असतो. हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. पोट बिघडलं की आपण तिला तेच तर भरवत होतो. ते सगळं आता घरी करते, गहू वगळून, आणि चवीत काही फरक पडत नाही. दुकानदार अजून मला पटवतात, "खपली घ्या ना ताई, जुना गहू आहे, त्याने काही होत नाही." खपलीतही ग्लुटेन असतं. जुना असला म्हणून तो गहू असायचा थांबत नाही.

स्वयंपाकघर एकवेळ बदलता येतं, माणसांचं काय करायचं? आमच्याकडे अन्न नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. त्यात प्रसाद असेल तर विचारूच नका. सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी पुढे करून एक काकू मुलीला म्हणाल्या, "अगं, प्रसाद कधी बाधत नाही. बोटाला लावून तरी घे." तिने घेतला नाही. काकूंचा चेहरा उतरला, आणि बाकीच्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या. पूजा सांगणारे गुरुजी पाटावरूनच हे ऐकत होते. त्यांनी पोथीचं पान मागे उलटलं आणि वाचून दाखवलं: केळं, तूप, दूध, गव्हाचं पीठ, ते नसेल तर तांदळाचं. "पोथीनेच सोय ठेवलीय," ते म्हणाले, "आपण रव्यालाच धरून बसलो." तेव्हापासून आमच्या घरच्या पूजेला शिरा तांदळाच्या रव्याचा असतो, आणि त्या काकूही तो मागून घेतात.

वसईच्या माझ्या मैत्रिणीच्या भावालाही हाच आजार आहे. तिच्याकडून कळलं की त्यांच्यात गोष्ट एवढी सोपी नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रसादासारखी मिळणारी ती पातळ चकती गव्हाचीच लागते. 2017 मध्ये व्हॅटिकनने पुन्हा स्पष्ट केलं की ग्लुटेन पूर्ण काढून टाकलेली चकती चालणार नाही, अगदी कमी ग्लुटेनची चालेल. ज्याला तीही नको त्याने नुसता द्राक्षारस घ्यावा. तो तेच करतो. पण दर रविवारी रांगेत त्याला थांबून सांगावं लागतं, आणि मागे उभ्या माणसाला वाटतं की हा भाव खातोय.

मोडण्याची खरी गोष्ट यापुढची आहे. तोवर तिचं पथ्य मी पाळत होते. अकरावीत गेल्यावर ते तिच्या हातात गेलं. क्लास सुटल्यावर सगळे वडापावच्या गाडीवर जात. सुरुवातीला ती नुसता वडा खायची. (त्या कढईत आणखी काय तळलं जातं, हा प्रश्न मी गिळायचे.) मग एक दिवस पाव खाल्ला. रात्रभर जागी राहून वाट पाहिली, असं तिने नंतर मला सांगितलं. काहीच झालं नाही. पोट दुखलं नाही, उलटी नाही, जुलाब नाही. दुसऱ्या आठवड्यात मोमो खाल्ले. तरी काही नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हाच निष्कर्ष काढला असता की डॉक्टर उगाच घाबरवतात.

वर्षाची तपासणी आली तेव्हा टीटीजी पुन्हा चढलेली होती आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट तिच्या समोर ठेवला, माझ्या नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "दुखलं का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही. "तीच तर पंचाईत आहे." मग त्यांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. हाडांचा पाया ज्या वयात भरला जातो त्याच वयात कॅल्शियम शोषलं जात नाहीये. ते आज दुखत नाही, चाळिशीत दुखतं. पुढे मूल होण्यात अडचणी येऊ शकतात. आणि वर्षानुवर्षं दाह राहिला तर, क्वचित का होईना, आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग. हे शेवटचं त्यांनी आवाज न बदलता सांगितलं आणि पुढे गेले. मुलीने फक्त विचारलं, "परत नीट व्हायला किती दिवस?" मुलांचं आतडं लवकर भरून येतं, मोठ्यांना वर्षं लागतात. "तू आता मध्ये आहेस," ते म्हणाले.

पुढे एका लग्नात याच्या उलट झालं. तिने सगळं विचारून घेतलं होतं: श्रीखंड पुरीशिवाय, भात, वरण, काकडीची कोशिंबीर. कुठल्या तरी भाजीचा रस्सा मैद्याने दाट केलेला असावा. दोन तासांनी तिला उलट्या सुरू झाल्या आणि ती रात्र आम्ही बादली घेऊन बसलो. नकळत गेलेल्या चमचाभर रश्श्याने एवढा गोंधळ, आणि महिनोन्‌महिने खाल्लेल्या पावाने शांतता. शरीराचा हा हिशेब मला अजून पटत नाही, पण तो तसाच आहे. पथ्य पक्कं पाळणाऱ्याला अचानक गेलेलं कधी कधी असं बाधताना दिसतं, सतत मोडणाऱ्याला पुष्कळदा दिसत नाही. दिसो न दिसो, आत नुकसान व्हायचं ते होतंच. आपण मात्र जन्मभर दुखण्यावरून ओळखायला शिकलो: जे बाधलं ते वाईट, जे पचलं ते चांगलं.

आमच्या घरात याची दुसरी बाजूही नांदते. सासरे, म्हणजे अण्णा, यांना आयबीएस, म्हणजे चिडखोर आतड्याचा त्रास, आहे. दुर्बीण, रक्त, सगळं ठणठणीत, पण पोट सकाळ-संध्याकाळ तक्रार करणार. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना फॉडमॅप कमी असलेला आहार दिला. ही पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी घडवली. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, आंबा, सफरचंद अशा पदार्थांतल्या काही साखरा, म्हणजेच फॉडमॅप, लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत; मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, वायू धरतो. त्या बंद केल्यावर अण्णांना महिन्याभरात खूप बरं वाटलं. आणि तिथेच ते अडकले. हा बंदीचा भाग दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. पुढे एकेक पदार्थ परत आणून पाहायचा, किती सोसतो ते ठरवायचं. अण्णा परत आणायला तयार नव्हते. उलट त्यांनी आपल्या मनाने आणखी चार गोष्टी सोडल्या. लग्नाला जाणं सोडलं, भावाकडे राहायला जाणं सोडलं. वजन उतरलं. शिवाय ही बंदी लांबली की आतड्यातले उपकारक जिवाणू, विशेषतः बिफिडोबॅक्टेरिया, कमी होतात हेही दिसलेलं आहे.

नातीचं पाहून ते म्हणायचे, "ती एवढीशी पोर पाळते, मी का मोडू?" त्यांना समजावणं फार अवघड गेलं. तिने पोळीचा तुकडा खाल्ला तर दुखत नाही, पण आतडं खराब होतं. त्यांनी कांदा खाल्ला तर दुखतं, पण आतड्याचं काही बिघडत नाही. तिला न मोडणं हा उपचार आहे, त्यांना मोडून पाहणं.

डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं नाही, ऐकलं ते त्यांच्या जुन्या वैद्यांचं. वैद्यांनी संसर्जन क्रमाची आठवण करून दिली. पंचकर्मानंतर पोट हलकं झालेलं असताना आधी पेज, मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज, मग बिनफोडणीचं कढण, मग फोडणीचं, आणि असं करत रोजच्या जेवणावर यायचं. चरकसंहितेत याला विस्तवाची उपमा आहे: बारीकसा निखारा आधी गवत, शेणाचा चुरा घालत घालत फुलवायचा. एकदम ओंडका ठेवला तर विझतो, हे अण्णांना पाठच होतं. वैद्य म्हणाले, "आणि अण्णासाहेब, नुसतं गवतच घालत बसलात तर त्यावर भात कधी शिजायचा?" दुसऱ्या दिवशी अण्णांनी लसणाच्या फोडणीचं वरण मागितलं. लसणातल्या त्या साखरा तेलात उतरत नाहीत, म्हणून पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या की वास राहतो आणि त्रास होत नाही. मग पातीच्या कांद्याची हिरवी पात. मग पोळी, अर्धी. त्या दिवशी त्यांचं पोट गुडगुडलं आणि ते घाबरून झोपून राहिले. सासूबाईंनी त्यांना उठवून भाजी आणायला पाठवलं.

आता आमच्या ओळखीत कुणीही गहू सोडायचं म्हटलं की मला फोन करतं. जावेने सोडला होता. हलकं वाटलं, म्हणून. मग लोह कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकची तपासणी लिहून दिली, पण गहू बंद असला की टीटीजी खाली येते आणि अंकुरही सावरतात; आजार असला तरी रिपोर्टात सापडत नाही. तिला पुन्हा कित्येक आठवडे रोज गहू खायला सांगितला. ती कुरकुरली: ज्याने त्रास होतो म्हणून सोडलं, तेच खा? डिक यांच्या हॉलंडमध्ये जे परत आलेल्या पावाने केलं, ते हिला दोन पोळ्यांनी करायचं होतं. म्हणून सगळ्यांना सांगते: सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण आधी रक्त तपासा.

मुलगी आता नाशिकला शिकायला चाललीय. मेसच्या काकूंशी तिचं स्वतःचं बोलणं झालं. काकू भाकरी करतात, पण तवा एकच आहे आणि त्यावर पोळ्याही होतात. ती आपला तवा, उलथणं आणि हिंगाची डबी घेऊन जाणार आहे. काकूंनी ते वेगळ्या फळीवर ठेवायचं कबूल केलंय. मी सूचनांची यादी करायला बसले, तर तिने वही काढून घेतली.

"आई, मोडलं तर मी तुला सांगेन. पण तू रोज फोन करून काय खाल्लंस विचारायचं नाही."

"आणि सांगितलं नाहीस तर?"

"सहा महिन्यांनी रक्त सांगेलच की."

बरीच घासाघीस झाली. रोज विचारायचं नाही, हे मी मान्य केलं. रिपोर्टची पीडीएफ लॅबने माझ्याही नंबरवर पाठवायची, यावर ती राजी झाली.